दोन कॉलेजं, दोन बिलं आणि एक करार

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली की खर्चाचा हिशेब सुरू होतो, आणि त्या हिशेबात हल्ली एक वाट हमखास सुचवली जाते. पदवी युनिव्हर्सिटीची घ्यायची, पण गणित, इंग्रजी, रसायनशास्त्र असे सुरुवातीचे विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजात करायचे. तेही एकाच सत्रात दोन्हीकडे नाव घालून. वाट चांगली आहे आणि तिला मोठ्या संस्थांचा पाठिंबाही आहे. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा डिग्री पार्टनरशिप प्रोग्रॅम याच कल्पनेवर उभा आहे. टेक्सास ए अँड एमच्या इंजिनिअरिंग अकॅडमींमध्ये विद्यार्थी इंजिनिअरिंगचे विषय ए अँड एमकडून शिकतो आणि गणित-विज्ञान सहभागी कम्युनिटी कॉलेजात. मी या वाटेच्या विरोधात लिहीत नाही. अनुभवांती माझं एकच सांगणं आहे, आणि ते पैसे भरण्याआधी समजून घ्यावं अशी माझी कळकळ आहे. दोन कॉलेजांमधली भागीदारी ही अभ्यासक्रमाची असते. सरकारी मदतीचे पैसे मात्र साधारणपणे एकाच कॉलेजातून मिळतात आणि बिलं दोन येतात. या दोन बाजू जोडणारा एक करार असतो. तो विद्यार्थ्याने सत्र सुरू होण्याआधी स्वतः मागून, सह्या करून घेतला नाही, तर स्वस्त म्हणून घेतलेला विषय महागात पडतो.

मुळात नियम काय आहे ते पाहू. केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत, म्हणजे पेल ग्रँट (परत न फेडायची मदत), सरकारी कर्ज वगैरे, १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टच्या चौथ्या प्रकरणाखाली दिली जाते. तिचा अर्ज एकच, फॅफ्सा. या अर्जात आता वीस कॉलेजांपर्यंत नावं टाकता येतात, म्हणून दोन्ही कॉलेजांची नावं टाकली की दोन्हीकडून काही ना काही मिळेल असा पालकांचा समज होतो. दोन्ही कॉलेजं मदतीचं पत्रही पाठवतात, त्यामुळे तो समज पक्का होतो. पण पत्र येणं वेगळं आणि पैसे घेणं वेगळं. एका विद्यार्थ्याला एकाच काळासाठी पेल ग्रँट दोन कॉलेजांतून घेता येत नाही. शिक्षण खात्याच्या संगणकावर प्रत्येक कॉलेज आपण दिलेली रक्कम नोंदवतं, आणि दोन नोंदी एकमेकींवर आल्या की दोन्ही कॉलेजांना कळतं. जास्त गेलेले पैसे मग विद्यार्थ्याच्या नावावर येणं म्हणून चढतात, आणि ते फिटेपर्यंत पुढची सगळी सरकारी मदत थांबते. हेतू शुद्ध होता, नियम माहीत नव्हता, या सबबी तिथे चालत नाहीत. म्हणून पहिला निर्णय हाच, की मदत कुठून घ्यायची. ज्या कॉलेजची पदवी घ्यायची ते साधारणपणे होम कॉलेज ठरतं आणि दुसरं होस्ट कॉलेज. काही भागीदारी कार्यक्रमांत निवड विद्यार्थ्यावर सोडलेली असते. अशा ठिकाणी निवड लवकर करावी आणि वर्षाच्या मध्येच बदलू नये, कारण बदलताना आधीच्या कॉलेजची मदत रद्द होऊन दुसरीकडे सुरू होईपर्यंत मधले आठवडे कोरडे जातात.

खरं नुकसान कुठे होतं ते आकड्यांत नीट दिसतं. २०२५-२६ या वर्षासाठी पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे, म्हणजे सत्राला ३,६९७ डॉलरच्या आसपास. २०२४-२५ पासून ही रक्कम क्रेडिटच्या प्रमाणात मोजली जाते. सत्रात १२ किंवा जास्त क्रेडिट असतील तर पूर्ण, ९ असतील तर ७५ टक्के, ७ असतील तर ५८ टक्के, ६ असतील तर निम्मी. पूर्ण पेल मिळू शकेल असा एक विद्यार्थी धरा. त्याने युनिव्हर्सिटीत ७ क्रेडिट घेतले आणि कम्युनिटी कॉलेजात ६. त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या लेखी तो १३ क्रेडिटचा, पूर्णवेळ विद्यार्थी आहे. युनिव्हर्सिटीच्या मदत कार्यालयाला मात्र करार नसेल तर फक्त आपले ७ क्रेडिट दिसतात. त्याला सत्राला सुमारे २,१४५ डॉलर मिळतील. दीड हजार डॉलरहून जास्त रक्कम हातची गेली. आणि ती कशासाठी गेली? कॅलिफोर्नियात राहणाऱ्या विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६ युनिटचे २७६. कराराचा कागद वेळेवर झाला असता तर हाच विद्यार्थी १३ क्रेडिटचा धरला गेला असता आणि ग्रँट पूर्ण मिळाली असती. विषय तेच, शिक्षक तेच, अभ्यास तोच. फरक पडतो तो युनिव्हर्सिटीने कोणते क्रेडिट मोजले एवढ्यानेच.

कर्जाच्या बाबतीत हा फरक आणखी धारदार आहे, कारण तिथे प्रमाणाबरोबर एक उंबरठाही आहे. सरकारी डायरेक्ट लोन मिळायला विद्यार्थी किमान अर्धवेळ असावा लागतो. पदवीपूर्व वर्गात म्हणजे साधारण ६ क्रेडिट. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंत कर्ज मिळू शकतं. वरच्याच विद्यार्थ्याने युनिव्हर्सिटीत ५ आणि कम्युनिटी कॉलेजात ८ क्रेडिट घेतले आणि करार केला नाही, तर बेरीज तीच १३ असूनही त्याला युनिव्हर्सिटीकडून कर्जाचा एक डॉलरही मिळणार नाही. आधीच्या वर्षांचं कर्ज डोक्यावर असेल तर अर्धवेळाच्या खाली गेल्याची नोंद होताच परतफेडीआधीची सहा महिन्यांची सवलत सुरू होते. पुढच्या सत्रात तो पुन्हा अर्धवेळ झाला तर ती सवलत परत मिळते, पण सवलत संपल्यावर झाला तर ती कायमची वापरली गेली. त्यात २०२५ साली मंजूर झालेल्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून कर्जाची वार्षिक मर्यादाही क्रेडिटच्या प्रमाणात कमी होणार आहे. आजवर ६ क्रेडिटचा उंबरठा ओलांडला की कर्जाची मर्यादा पूर्ण मिळायची. यापुढे १२ पेक्षा जितके कमी क्रेडिट मोजले जातील तितकं कर्जही कमी. पालकांच्या नावावर मिळणाऱ्या प्लस कर्जालाही नव्या कर्जदारांसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे. म्हणजे कमी पडलेली रक्कम पालकांनी कर्ज काढून भरायची हा जुना उपायही आता आखडला आहे. दोन्हीकडचे क्रेडिट एकत्र मोजून घेणं आधी शहाणपणाचं होतं, आता ते अपरिहार्य झालं आहे.

आता तो कागद. त्याला कन्सॉर्शियम अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो दोन-तीन पानांचा फॉर्म असतो आणि होम कॉलेजच्या मदत कार्यालयातून किंवा त्यांच्या पोर्टलवरून मिळतो. पहिल्या भागात विद्यार्थी होस्ट कॉलेजात घेतलेल्या विषयांची नावं, क्रमांक, क्रेडिट आणि सत्राच्या तारखा लिहितो. दुसऱ्या भागात होम कॉलेजचा अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर सही करतो, की हे विषय आमच्या पदवीला धरले जातील. तिसऱ्या भागात होस्ट कॉलेज लिहून देतं, की विद्यार्थ्याचं नाव या विषयांना आहे, त्याला इतकी फी आहे, आम्ही त्याला सरकारी मदत देणार नाही, आणि त्याने विषय सोडला तर तुम्हाला कळवू. शेवटची सही होम कॉलेजच्या मदत कार्यालयाची. या चार भागांतला दुसरा भाग सगळ्यात जास्त अडतो, आणि तो अडणं योग्यही आहे. पदवीला न लागणाऱ्या विषयाचे क्रेडिट मदतीसाठी मोजता येत नाहीत. कम्युनिटी कॉलेजातलं संख्याशास्त्र युनिव्हर्सिटीत नुसतं ट्रान्सफर होणं पुरेसं नाही. ते त्या विद्यार्थ्याच्या पदवीच्या आराखड्यात कुठेतरी बसलं पाहिजे. विषय 'इलेक्टिव्ह' म्हणून स्वीकारला गेला आणि इलेक्टिव्हची जागा आधीच भरलेली असली, तर ट्रान्सफर होईल, पण मदतीत धरला जाणार नाही. म्हणून माझा आग्रह असा, की विषयाला नाव घालण्याआधी अ‍ॅडव्हायजरला ईमेल करावी आणि उत्तर लेखी घ्यावं: हा विषय माझ्या पदवीतल्या कोणत्या अटीखाली धरला जाईल? फोनवर मिळालेला होकार सहा आठवड्यांनी कुणाला आठवत नाही.

सही झाली म्हणजे पैशांचा प्रश्न सुटला असं मात्र समजू नका. इथे दुसरी अडचण उभी राहते, ती वेळेची. रक्कम बरोबर असते, पण ती उशिरा येते आणि दुसऱ्याच खात्यात येते. मदतीचे पैसे आधी होम कॉलेजच्या बिलात वळते होतात. त्यातून काही शिल्लक उरली तर नियमानुसार १४ दिवसांच्या आत ती विद्यार्थ्याला द्यावी लागते. आणि त्या शिल्लकीतून विद्यार्थ्याने होस्ट कॉलेजचं बिल स्वतः भरायचं, अशी बहुतेक ठिकाणची रचना आहे. आता दोन्ही पोर्टल शेजारी शेजारी उघडून पाहा. होम कॉलेजच्या पानावर फीच्या खाली 'अपेक्षित मदत' अशी ओळ दिसते, त्यामुळे ऑगस्टमध्ये पैसे हातात नसले तरी नाव काढलं जात नाही. होस्ट कॉलेजच्या पानावर अशी ओळच नसते, कारण त्यांच्या लेखी या विद्यार्थ्याला मदत नाही. तिथे फक्त बाकी रक्कम आणि शेवटची तारीख. ती तारीख बहुधा वर्ग सुरू होण्याच्या आधीची असते, आणि ती चुकली की पुष्कळ कम्युनिटी कॉलेजं नाव काढून जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला देतात. नाव निघालं की होस्टचे क्रेडिट गेले, क्रेडिट गेले की करार निरर्थक, आणि करार गेला की युनिव्हर्सिटीतली मदतही कमी झाली. शिवाय कराराखालची मदत काही कार्यालयं होस्ट कॉलेजची विषय बदलण्याची मुदत संपून हजेरीची खात्री झाल्यावरच सोडतात, म्हणजे सप्टेंबरही सरू शकतो. यावर उपाय दोनच. एक, होस्ट कॉलेजच्या पहिल्या सत्राची फी आणि पुस्तकांचा खर्च, हे पैसे मदतीवर भिस्त न ठेवता हाताशी ठेवायचे. दोन, ते शक्य नसेल तर होस्ट कॉलेजचा हप्त्यांचा प्लॅन नाव घालतानाच घ्यायचा. त्याला थोडं शुल्क पडतं, पण जागा राहते. क्रेडिट कार्डावर टाकू आणि ग्रँट आली की फेडू हा तिसरा उपाय लोक करतात. तो मी सुचवणार नाही, कारण ग्रँट केव्हा येईल ते विद्यार्थ्याच्या हातात नसतं आणि व्याज कुणासाठी थांबत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: कॉलेजं एकमेकांची पार्टनर आहेत, मग हे सगळं त्यांनी आपापसात का पाहू नये? आक्षेप रास्त आहे, आणि काही ठिकाणी कॉलेजं खरोखरच पाहतात. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅम्हर्स्टच्या परिसरातल्या पाच कॉलेजांचा संघ आहे. तिथला विद्यार्थी शेजारच्या कॉलेजात विषय घेतो तेव्हा त्याची नोंद आणि ट्यूशन आपल्याच कॉलेजात राहते, वेगळं बिल येत नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट कॉलेजांतही एकमेकांच्या वर्गांत असंच बसता येतं. अशा व्यवस्थेत बिल एक आणि मदतही एकाच ठिकाणी, त्यामुळे या लेखातल्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत. पण युनिव्हर्सिटी आणि कम्युनिटी कॉलेज यांच्या भागीदारीत दोन्ही संस्था आपापली ट्यूशन आपापल्या दराने घेतात. आणि या भागीदारीचा फायदाच मुळी त्या वेगळ्या दरात आहे. कमी दराचा लाभ हवा असेल तर वेगळं बिल येणारच, आणि वेगळं बिल आलं की मदतीचा दुवा कुणीतरी जोडावा लागणार. प्रवेशाच्या पत्रकात 'एकच प्रवेश, दोन कॉलेजं' असं लिहिलेलं असतं ते प्रवेशापुरतं खरं असतं. प्रवेश कार्यालय आणि मदत कार्यालय या एकाच इमारतीतल्या दोन वेगळ्या खोल्या असतात, आणि एका खोलीत दिलेला कागद दुसऱ्या खोलीत आपोआप पोचतो हे गृहीत धरू नये. म्हणून भागीदारी कार्यक्रमात प्रवेश घेताना मदत कार्यालयाला थेट विचारा: या कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांचे दोन्हीकडचे क्रेडिट तुम्ही आपोआप एकत्र धरता, की मला दर सत्राला फॉर्म द्यावा लागेल? दोन्ही प्रकार अस्तित्वात आहेत.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे, आणि मला तो अर्धा मान्य आहे. ते म्हणतात, कम्युनिटी कॉलेजच्या एका विषयासाठी एवढी कागदपत्रं कशाला. पदरचे पैसे भरावे आणि मोकळं व्हावं. विद्यार्थी युनिव्हर्सिटीतच १२ क्रेडिट घेत असेल आणि वरचा एखादाच विषय बाहेर करत असेल, तर हे म्हणणं अगदी बरोबर आहे. १२ क्रेडिटवर पेल पूर्ण मिळते, कर्जाला अडचण नाही. तेराव्या-चौदाव्या क्रेडिटसाठी करार करून हाती काहीच येत नाही. पण मग प्रश्न उरतो, की तो विषय बाहेर केल्याने पैसे वाचतात तरी का? पुष्कळ युनिव्हर्सिट्यांत पूर्णवेळ विद्यार्थ्याला ठरावीक रक्कम असते, एक विषय वाढला तरी ती वाढत नाही. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत ट्यूशनचे दोनच टप्पे आहेत: ६ युनिटपर्यंत एक, त्यापुढे दुसरा. तिथे १२ युनिट घेणाऱ्याने चौथा-पाचवा विषयही तिथेच घेतला तर ट्यूशन तेवढीच राहते, आणि तोच विषय कम्युनिटी कॉलेजात घेतला तर १३८ डॉलर वरून पडतात. बचत होते ती युनिव्हर्सिटीचं ओझं खालच्या टप्प्यात आणलं तरच, आणि ते खालच्या टप्प्यात आणलं की तो विद्यार्थी युनिव्हर्सिटीच्या हिशेबात अर्धवेळ ठरतो. म्हणजे जिथे खरी बचत आहे नेमकं तिथेच कराराची गरज आहे. हा हिशेब प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या फीच्या तक्त्यावरून घरीच मांडता येतो. मांडल्याशिवाय दुसरीकडे नाव घालू नये.

शिष्यवृत्त्यांचे नियम याहून कडक असू शकतात. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपला अनेकदा '१२ क्रेडिट, आणि तेही आमच्याकडे' अशी अट असते. केंद्र सरकार करारातले क्रेडिट मान्य करतं म्हणून ही अट सैल होत नाही. वर्षाला चार-पाच हजारांची शिष्यवृत्ती घालवून दोन विषय स्वस्तात करणं हा तोट्याचाच सौदा. राज्याच्या ग्रँटचंही स्वतंत्रपणे विचारावं. न्यू जर्सीची टॅग ग्रँट मुख्यतः पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यातल्या घरांनी हे आधी तपासलेलं बरं.

सत्र सुरू झाल्यावरही लक्ष काढून घेता येत नाही, आणि माझ्या मते निष्काळजीपणा जास्त होतो तो इथेच. कॅलेंडरचा मुद्दा पाहा. बे एरियात डी अँझा आणि फूटहिल ही कम्युनिटी कॉलेजं क्वार्टरवर चालतात, सॅन होजे स्टेट सेमिस्टरवर. क्वार्टरचं एक युनिट सेमिस्टरच्या दोन तृतीयांशाएवढं धरतात. युनिव्हर्सिटीत ८ आणि क्वार्टरच्या कॉलेजात ५ युनिटचा गणिताचा विषय घेतला तर कागदावर १३ दिसतात, पण हिशेबात ते ११.३ च होतात, म्हणजे पूर्णवेळापेक्षा कमी. शिवाय युनिव्हर्सिटीचे वर्ग ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि क्वार्टर सप्टेंबरअखेर, आणि जो वर्ग अजून सुरूच झाला नाही त्याचे क्रेडिट धरून पेल देता येत नाही. त्यामुळे पहिला हप्ता कमी येतो आणि घरात गोंधळ उडतो. विषय सोडण्याचंही तसंच. विद्यार्थी होस्ट कॉलेजच्या पोर्टलवर एक बटण दाबून विषय सोडतो, आणि युनिव्हर्सिटीला त्याने काय फरक पडणार असं त्याला वाटतं. पण त्या वर्गात तो एकदाही बसला नसेल तर युनिव्हर्सिटीला पेलचा हिशेब नव्याने करावाच लागतो आणि फरक विद्यार्थ्याच्या खात्यावर चढतो. दोन्हीकडचे सगळेच विषय सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सोडले, तर न कमावलेली मदत परत द्यावी लागते. आणि मदत चालू राहण्यासाठी प्रगतीची जी अट असते, ती म्हणजे बहुतेक ठिकाणी घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पुरे करणं आणि २.० जीपीए, तिच्यात होस्टकडचे क्रेडिटही येतात. त्यामुळे कम्युनिटी कॉलेजातला विषय 'तिकडचा' म्हणून सैल सोडता येत नाही. विषय सोडायचा विचार आला की आधी होम कॉलेजच्या मदत कार्यालयाला विचारायचं आणि मग बटण दाबायचं, हा क्रम मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा.

करांच्या वेळी दोन कॉलेजांतून फी भरल्याचे दोन १०९८-टी फॉर्म येतात, आणि एक पोर्टलवरच राहून जातो. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (शिक्षणाच्या खर्चावरची करसवलत) विद्यार्थ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० डॉलर असतं, कॉलेजामागे नव्हे. ते ४,००० डॉलरच्या खर्चावर पूर्ण मिळतं. ग्रँटने भागलेली फी त्यात धरता येत नाही, पण कम्युनिटी कॉलेजात पदरचे भरलेले पैसे धरता येतात, म्हणून त्या पावत्या आणि पुस्तकांची बिलं जपून ठेवावीत. आईवडील एकत्र विवरणपत्र भरत असतील आणि उत्पन्न १,८०,००० डॉलरच्या वर असेल तर हे क्रेडिट मिळत नाही.

आता व्हिसाबद्दल, कारण हा प्रश्न आपल्याकडच्या असंख्य घरांचा आहे. वर सांगितलेली केंद्र सरकारची मदत अमेरिकी नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही मोजक्या वर्गांनाच मिळते. ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेल्या घरांतली मुलं एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असतात. ती शिकू शकतात, पण त्यांना पेल किंवा सरकारी कर्ज मिळत नाही. त्यांच्या बाबतीत दोन कॉलेजांचा हिशेब निव्वळ फीचा असतो, आणि राज्यातल्या रहिवाशाचा दर मिळतो की नाही हे दोन्ही कॉलेजांत वेगवेगळं तपासावं लागतं. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यायची वेळ आली तर नियम बदलतात. पुण्या-मुंबईहून एफ-१ वर येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेच नियम लागू. त्यांना दोन कॉलेजांत एकाच वेळी शिकता येतं, पण दोन्ही कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेण्यास मान्यताप्राप्त असावी लागतात, दोन्हीकडची बेरीज पूर्णवेळ व्हावी लागते आणि व्हिसासाठीचा आय-२० फॉर्म पदवी देणाऱ्या कॉलेजचा असतो. त्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. पूर्णवेळाच्या हिशेबात सत्राला एकच ऑनलाइन विषय, फार तर ३ क्रेडिटचा, धरतात. कम्युनिटी कॉलेजचे स्वस्त विषय बरेचदा ऑनलाइन असतात, आणि दुसरा ऑनलाइन विषय मोजला गेला नाही तर प्रश्न पैशांचा राहत नाही, व्हिसाचा होतो. भारतातही यूजीसीने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीला रीतसर परवानगी दिली. ट्विनिंगमध्ये परदेशी विद्यापीठातले क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच असू शकतात. अशा अभ्यासक्रमाने अमेरिकेत येणाऱ्याने परदेशातल्या सत्राची फी कुणाला, कोणत्या चलनात आणि कोणत्या तारखेला भरायची हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावं. अमेरिकी सरकारची मदत त्यालाही नाही.

एवढं सगळं जमवून सत्र पार पडलं की शेवटचं काम उरतं ते ट्रान्सक्रिप्टचं. होस्ट कॉलेजचे गुण युनिव्हर्सिटीला आपोआप जातीलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्याला अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मागवून पाठवावी लागते, आणि होस्ट कॉलेजचं काही देणं बाकी असेल तर त्यात अडथळा येऊ शकतो. ती पोचली नाही तर युनिव्हर्सिटीच्या दफ्तरी ते क्रेडिट घेतलेले पण न पुरे केलेले असे राहतात, प्रगतीची टक्केवारी घसरते आणि पुढच्या सत्राची मदत अडकते. शिवाय करार बहुतेक ठिकाणी एका सत्रापुरताच असतो. डिसेंबरात गुण लागतात, नाताळच्या सुट्टीत दोन्ही कार्यालयं बंद असतात आणि वसंत सत्राची फी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात देय होते. म्हणून वसंत सत्राचा फॉर्म नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी अ‍ॅडव्हायजरच्या सहीला द्यावा, आणि ट्रान्सक्रिप्टची मागणी गुण जाहीर होताच पाठवली जाईल अशी आधीच नोंदवून ठेवावी. बऱ्याच कॉलेजांच्या पोर्टलवर ही सोय असते.